जाळीवरचं रबर

गाडी बघायला आलेलं माणूस आधी गादी दाबून बघतं. मग शेगडीची कळ फिरवतं, फ्रिज उघडून आत डोकावतं, छताला हात लावून बघतं. ज्या पायरीवर पाय देऊन ते आत चढलेलं असतं, तिच्याकडे मात्र वळूनही बघत नाही. माझं सगळं कामाचं आयुष्य त्या पायरीखाली उताणं पडून गेलं.

तोक्योच्या खाडीला लागून उरायासु नावाचं गाव आहे. आज तिथे आपल्याकडची बरीच कुटुंबं राहतात, दिवाळीत एका बिल्डिंगमधून दुसऱ्या बिल्डिंगमध्ये चकल्यांचे डबे फिरतात. मी सांगतोय ते नव्वदच्या दशकातलं. तेव्हा गावाच्या कडेला, लोखंडाच्या गोदामांच्या रांगेत आमचं वर्कशॉप होतं. साध्या मालवाहू व्हॅन आणायच्या, आत झोपायची, रांधायची, बसायची सोय करायची आणि कॅम्पर म्हणून विकायच्या, असा तो धंदा. मालक इशिदा-सान, थोडे कारागीर आणि मी. मी मूळचा पिंपरीचा फिटर. बायको जपानी. तिच्या आजारी वडिलांना बघायला म्हणून आलो आणि इथलाच झालो. साळवी हे आडनाव जपानी जिभेला पेलत नाही, म्हणून सगळ्यांचा मी सारुबी-सान. 'सान' म्हणजे आपलं 'राव'.

पायरीत एवढं काय आहे, असं कुणालाही वाटेल. उन्हाळ्यात खरंच काही नाही. पण आमची निम्मी गिऱ्हाइकं बर्फात जाण्यासाठी गाडी घेत, आणि बर्फाचं पायरीशी जुनं वैर आहे. चाकांनी उडवलेला ओला बर्फ पायरीवर थापला जातो आणि सकाळपर्यंत त्याचा दगड होतो. रस्ते मोकळे ठेवायला जे मीठ टाकतात, ते लोखंड खातं. पायरी खाली घेतली तर म्हाताऱ्यांना सोयीची, पण रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात घुसून वाकते. वर घेतली तर गाडी वाचते आणि गुडघे जातात. दोन्हीच्या मधली उंची गिऱ्हाईक बघून ठरवायची. मी आधी माणसाला नुसतं चालायला लावायचो, मग टेप काढायचो.

पायऱ्या मुख्यतः तीन तऱ्हेच्या. एक, गाडीच्या बाजूने लांबच लांब जाणारी, नक्षीदार पत्र्याची. दिसायला देखणी, म्हणून तरुणांना आवडायची. तिच्यावर बर्फ अगदी ऐसपैस बसतो. दुसरी विजेची. दार उघडलं की जिभेसारखी बाहेर येते, दार लावलं की आत जाते. तिच्या खाचेत पाणी गोठलं की जीभ टाळूला चिकटते. तिसरी दातेरी जाळीची. भोकांतून बर्फ गळून पडतो, दाते बुटाला धरून ठेवतात, जस्ताचा मुलामा असल्यामुळे मिठाचा गंजही लवकर चढत नाही. दिसते मात्र गटारावरच्या झाकणासारखी. म्हणूनच ती विकणं जिकिरीचं होतं, आणि ती विकली गेली की मला आतून बरं वाटायचं.

विजेच्या पायरीची एक गंमत सांगतो. जवळच्या ग्योतोकुला राहणारे कुलकर्णी, पुण्याचे, कॉम्प्युटरमधले. मी नको म्हणत असताना त्यांनी विजेचीच घेतली. पहिल्याच हिवाळ्यात नागानोच्या डोंगरातून वर्कशॉपला फोन.

"काका, स्टेप बाहेरच येत नाहीये. नुसती घर्रघर्र करतेय!"

"स्विच बंद करा आधी, मोटर जळेल. आता खालून हलकेच ठोका."

"कशानं ठोकू? टूल्स नाहीत माझ्याकडे."

मागून बायकोचा आवाज आला, "लाटणं आहे!"

"लाटण्यानं ठोका. आणि कुलकर्णी, गरम पाणी मात्र ओतू नका."

"का हो? लॉजिकली तर..."

"लॉजिक पुण्याला ठेवून या. गरम पाण्यानं बर्फ जातो आणि पाणी मागे राहतं. त्या थंडीत चहा ओतून होईपर्यंत त्याची काच होते."

पायरी सुटली, लाटणं तडकलं. पुढे दिवाळीला भेटलो की सौ. कुलकर्णी पहिलं वाक्य बोलायच्या, "काका, माझं लाटणं देणं लागता हं तुम्ही."

गरम पाण्याची ही ताकीद मी प्रत्येकाला गाडी देताना द्यायचो. उत्तरेकडच्या माणसाला ती द्यावी लागत नाही. आमच्याकडच्या, वर्षातून एखाद्या वेळी बर्फ बघणाऱ्या माणसाला किटली उचलायचा मोह होतोच. अपवाद फक्त जाळीवाल्यांचा. जाळीवर पाणी थांबत नाही. किटलीभर ओतलं तरी सगळं खाली जमिनीवर. त्यांना सांगायचं कशाला?

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. आज मी जे लिहायला बसलोय, ते याच वाक्यापाशी येणार आहे.

जपानमध्ये घरात बूट घालून जात नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कॅम्परही त्यांच्या लेखी घरच. पण आमच्या छोट्या गाड्यांत दार उघडल्याबरोबर गालिचा लागायचा, बूट ठेवायला जागाच नसायची. मग लोक पायरीवर उभे राहून बूट काढत, ते तिथेच ठेवत, आणि मोज्यांनी आत जात. उतरतानाही तसंच: मोज्यांनी पायरीवर यायचं, तिथे उभं राहून बुटात पाय सरकवायचे. दातेरी जाळी बुटासाठी बनवलेली असते. मोज्यातल्या पायाला ती बोचते, लोकर उसवते. त्यामुळे गाडी नेल्यावर लोक जाळीवर काहीबाही अंथरायचे. पायपुसणं, चटई, एका गृहस्थांनी तर कुत्र्याची जुनी गादी कापून बसवली होती. इशिदा-सानांचा यावर भयंकर राग. "ही पायरी आहे, उशी नाही," म्हणायचे. वर्कशॉपमध्ये त्यांचा नियमच होता की जाळी झाकायची नाही, गिऱ्हाइकाने हट्ट धरला तर गाडी विकायची नाही. "झाकलेली जाळी पत्र्याहून वाईट," ते म्हणत. "पत्रा निदान घसरणार हे माणसाला माहीत असतं."

इशिदा-सानांनी मला दुसरीही एक गोष्ट शिकवली, माफी मागायची. माझ्या हातून एका गाडीच्या दारावर ओरखडा पडला होता. मी सवयीने बोलू लागलो, दार आधीच कसं वाकलेलं होतं वगैरे. त्यांनी माझ्या पाठीवर पंजा ठेवून मला कमरेत वाकवलं आणि स्वतः माझ्याहून खाली वाकले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "सारुबी, कारण सांगायचं नाही. वाकायचं. आणि समोरच्यानं डोकं वर केल्याशिवाय आपण करायचं नाही."

"आणि समोरचा आपल्यापुढे वाकला तर?"

"तर त्याच्याहून खाली जायचं. वाकलेल्या माणसासमोर ताठ उभं राहणं म्हणजे त्याचा गुन्हा कबूल करून घेणं."

मोरिता-सान नवराबायको आमच्याकडे आले ते निवृत्तीनंतर. ते रेल्वेच्या दुरुस्ती खात्यातले, बाई शाळेच्या स्वयंपाकघरातल्या. सगळा जन्म समुद्राकाठच्या चिबात काढलेला, आणि आता दोघांना उत्तरेकडचा हिवाळा बघायचा होता. बाईंचे गुडघे दुखायचे, म्हणून पायरीचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना चालवून बघितलं, उंची ठरवली, जाळी बसवली. काम चालू होतं तोवर त्या अधूनमधून यायच्या आणि भाजलेलं रताळं कागदात गुंडाळून माझ्या हत्यारांच्या पेटीवर ठेवून जायच्या. मी गोमांस खात नाही हे त्यांनी मला न विचारता, कुणाकडून तरी काढून घेतलं होतं.

गाडी नेल्यावर महिन्याभराने दोघं परत आली. इशिदा-सान कामासाठी बाहेर गेले होते. बाई पायरीजवळ उभ्या राहून ओशाळं हसत होत्या.

"सारुबी-सान, पायरी फार चांगली आहे. फक्त माझ्या मोज्यांचं तिच्याशी पटत नाही."

मोरिता-सान म्हणाले, "हिला अख्खी गाडी आवडली, एवढं एक गटाराचं झाकण सोडून."

"असं बोलू नका, त्यांनी मेहनतीनं केलंय," बाई त्यांना म्हणाल्या. मग मोजा काढून मला पाय दाखवला. तळव्याला दात्यांच्या खुणा उठल्या होत्या. "मी काहीतरी अंथरीन म्हणते, पण ते सरकेल. तुम्हीच काही करून देता का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, सैल चटईपेक्षा घट्ट बसवलेलं रबर बरं. शिवाय सगळी जाळी झाकणार नव्हतो. दारालगत, जिथे मोज्यातला पाय पडतो तेवढीच पट्टी. पुढचा भाग बुटासाठी उघडा. आपण मधला मार्ग काढला, असं वाटून मी स्वतःवर खूषही झालो. चांगलं जाड, खरखरीत रबर घेतलं, रिव्हेट मारून पक्कं केलं. बाईंनी मोज्यांनी वर उभं राहून बघितलं. चेहरा असा उजळला की मोरिता-सान म्हणाले, "लग्नात एवढी हसली नव्हती."

काम झाल्यावर मी म्हटलं, "फक्त इशिदा-सानांना सांगू नका हं. त्यांना हे चालत नाही."

बाई एकदम गंभीर झाल्या. "तुम्हाला त्रास तर होणार नाही ना? नाहीतर काढून टाका."

"नाही हो. तुम्ही बोलला नाहीत की झालं."

"आम्ही दोघंही बोलणार नाही," त्या म्हणाल्या. मोरिता-सानांनी मान डोलावली.

गरम पाण्याचं मी त्यांना सांगितलं नाही. जाळीवाल्यांना सांगायची मला सवयच नव्हती, आणि आता ही जाळी राहिली नाही हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या हिवाळ्यात ती दोघं उत्तरेला आकिताच्या डोंगरात गेली. एका सकाळी मोरिता-सान आधी उतरले. पायरीवर बर्फ बसला होता. चहा करून किटलीत उरलेलं गरम पाणी त्यांनी पायरीवर ओतलं, बर्फ गेला, काळंभोर रबर स्वच्छ दिसू लागलं. मग ते समोरची काच झाडायला गेले. बाई मोज्यांनी पायरीवर आल्या. काळ्या रबरावरचा पाण्याचा पापुद्रा गोठला होता. तो कुणालाही दिसला नसता. त्यांचा खुबा मोडला. आकिताच्या इस्पितळातून त्यांना चिबाच्या इस्पितळात आणलं, पण त्या अंथरुणातून उठल्या नाहीत. वसंतात गेल्या.

त्या इस्पितळात असतानाच गाडी आमच्याकडे आली, परत आणताना कोपरा आपटून पत्रा चेपला होता म्हणून. घेऊन आलेल्या नातेवाइकाने बाई पायरीवरून पडल्याचं सांगितलं. इशिदा-सान ऑफिसात फोनवर होते. मी ड्रिल घेतलं, गाडीखाली गेलो, रिव्हेट कापले, रबर काढलं आणि भंगाराच्या पिंपात खाली दाबलं. रिव्हेट जाळीच्या भोकांतूनच गेलेले असल्यामुळे मागे काही खूण राहिली नाही. काम नेहमीसारखं सफाईदार झालं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत सफाईदार काम तेच.

इशिदा-सान येऊन पायरीपुढे उकिडवे बसले. पुन्हा पुन्हा दात्यांवर बोट फिरवून बघत राहिले. "ह्यावरून कसं घसरलं माणूस?" ते स्वतःशीच म्हणत होते. मी शेजारी उभा होतो.

गाडी न्यायला मोरिता-सान स्वतः आले. त्यांनी येताना मिठाईचा डबा आणला होता. आधी ते पायरीपाशी गेले, खाली बघितलं आणि थांबले. मग वाकून उघड्या जाळीवरून हलकेच तळहात फिरवला. सरळ होऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी इशिदा-सानांसमोर जाऊन डबा ठेवला आणि म्हणाले, "माझ्या हातून चूक झाली. मी पायरीवर गरम पाणी ओतलं. तुम्ही एवढ्या काळजीनं केलेल्या कामाला माझ्यामुळे बट्टा लागला." आणि कमरेत वाकले. मग वळून माझ्यापुढे वाकले.

त्यांनी रबराचं नाव काढलं नाही. ते का, हे मला त्याच क्षणी कळलं. बाईंनी शब्द दिला होता, आणि त्या इस्पितळात पडल्या असताना तो मोडायचा त्यांना धीर झाला नाही.

मी त्यांच्याहून खाली जायला हवं होतं. वाकलो असतो तर बहुतेक तोंडही उघडलं असतं. मी ताठ उभा राहिलो. ते पांढरं डोकं माझ्या छातीसमोर वाकलेलं, आणि ते वर येईना, कारण मी हललो नव्हतो. शेवटी इशिदा-सानांनी त्यांना खांद्याला धरून वर केलं. डबा आम्ही ठेवून घेतला.

बाईंच्या अंत्यविधीला मी इशिदा-सानांबरोबर गेलो. मोरिता-सानांची एकुलती एक मुलगी साचिको-सान वडिलांपासून दूर, दुसऱ्या टोकाला बसली होती. निघताना मोरिता-सान तिला काही म्हणाले. ती त्यांच्याकडे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाणी तुम्हीच ओतलंत ना?"

मी दोन पावलांवर होतो. तिथे एक वाक्य बोलायचं होतं: उघड्या जाळीवर पाणी थांबत नाही. जपानी भाषेत फार लहान वाक्य होतं ते. पण मालक शेजारी होते, नोकरी होती, घरी लहान मुलगी होती. ही सगळी कारणं खरी आहेत. कारण सांगायचं नसतं, हेही मला शिकवलेलं होतं.

त्यानंतर इशिदा-सानांनी वयस्क गिऱ्हाइकांना जाळीची पायरी देणं बंद केलं. तिच्यावर त्यांचा विश्वासच राहिला नाही. त्या जागी विजेच्या पायऱ्या गेल्या, गोठल्या, अडकल्या, पुन्हा दुरुस्तीला आल्या. इशिदा-सान गेले तेही जाळीत खोट होती असं समजूनच. म्हणून इथे स्पष्ट लिहितो: जाळी निर्दोष होती. बर्फाच्या मुलखात जाणाऱ्याने भोकांचीच पायरी घ्यावी, बूट काढायला आत जागा करून घ्यावी, आणि पायरीवर कधीही, कुणाच्याही प्रेमाखातर काही अंथरू नये.

मोरिता-सान दर नववर्षाला मला शुभेच्छांचं कार्ड पाठवत. मीही पाठवायचो. त्यांत हवापाण्याखेरीज काही नसे. एका वर्षी डिसेंबरातच साचिको-सानांचं छापील पत्र आलं: वडील वारले, त्यामुळे यंदा आमच्याकडून शुभेच्छा नाहीत. खाली ग्योतोकुचा पत्ता.

उरायासुहून ग्योतोकु तोझाई लाइनवर दुसरं स्टेशन. मुलीला सगळं सांगून मी निघालो तेव्हा ती जपानीत म्हणाली, "बाबा, आता कुणाला उपयोग आहे?" मी बुटात पाय सरकवले. स्टेशनवर मिठाईचा डबा घेतला.

साचिको-सानांनी मला वडिलांचा ओळखीचा म्हणून आत घेतलं, चहासाठी शेगडीवर किटली ठेवली आणि समोर बसल्या. मी म्हटलं, "तुमच्या वडिलांच्या गाडीची पायरी मी बसवली होती." मग सगळं सांगितलं. जाळी, रबर, बाईंनी दिलेला शब्द, ड्रिल. मी संपवल्यावर त्या म्हणाल्या, "रबर नसतं तर?"

"पाणी खाली गेलं असतं."

"सगळं?"

"सगळं. त्या जाळीवर पाणी थांबत नाही."

त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. "उत्तरेत बर्फ पडल्याचं टीव्हीवर सांगितलं, की वडील फोन करायचे. पायऱ्यांवरून जपून उतर, म्हणायचे. मी 'हो' म्हणून ठेवून द्यायची. एकदा म्हणाले, तुझ्या आईनं आणि मी एका माणसाला शब्द दिलाय, म्हणून सगळं बोलता येत नाही. मला वाटलं, आता ह्यांचं वय झालं."

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठे राहता?"

"उरायासुला."

"एवढी सगळी वर्षं?"

"हो."

"एवढ्या जवळ."

त्या उठल्या, कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याची दारं उघडली. आत आईवडिलांचे फोटो शेजारीशेजारी होते. "मला सांगून झालं," त्या म्हणाल्या. "आता त्यांना सांगा."

मी डबा पुढे ठेवला आणि सांगितलं. मोरिता-सानांनी वर्कशॉपमध्ये वापरले होते तेच शब्द तोंडात आले, माझ्या हातून चूक झाली. मग वाकलो, कपाळ जमिनीला टेकेपर्यंत. शेजारी कपड्यांची सळसळ झाली. साचिको-सानही वाकल्या होत्या, माझ्यासारख्याच, वडिलांपुढे.

समोरच्याने डोकं वर केल्याशिवाय आपण करायचं नाही. मी त्यांची वाट बघत होतो. त्या फोटोतल्या कुणाची वाट बघत होत्या, ते मला ठाऊक होतं. स्वयंपाकघरात किटली शिट्टी वाजवू लागली. आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.